जपानी क्रियापदं, बाराखडीच्या वाटेनं

जपानी शिकायला घेतली की पहिले दोन महिने मजेत जातात. हिरागाना लिपीची ४६ अक्षरं येतात, नमस्कार येतात, 'हे पुस्तक आहे, ती पेन्सिल आहे' सहज जमतं. मग एक दिवस पुस्तकात क्रियापदांचा तक्ता समोर येतो. तीन गट, नऊ शेवट, प्रत्येकाची वेगळी रूपं, वर अपवाद. वर्गातली गळती नेमकी या पानावर सुरू होते. मी पुण्यात नवशिक्यांना जपानी शिकवते आणि दर तुकडीत हे पाहते. जी टिकतात तीही तक्ता घोकतात, परीक्षेत बरोबर पर्यायावर खूण करतात, आणि समोर जपानी माणूस उभा राहिला की मनातल्या मनात तक्त्याच्या ओळी चाळत बसतात.

याचं कारण मला स्पष्ट दिसतं. आपण ही क्रियापदं इंग्रजीच्या रस्त्यानं शिकतो. रोमन लिपीतले तक्ते, इंग्रजीतली स्पष्टीकरणं. जपानी क्रियापदाची घडण मराठीच्या इतकी जवळची आहे की हा वळसा घेण्याची गरजच नाही. ज्याला 'म मा मि मी' म्हणता येतं आणि 'करून बघतो', 'लिहून ठेवतो' असं जो दिवसभर बोलतो, त्याच्याकडे निम्मं जपानी व्याकरण आधीच आहे. ते कसं वापरायचं, तेवढंच पुढे सांगते.

आधी लिहिण्याबद्दल थोडं. इथे जपानी शब्द देवनागरीत दिलेत. त्यातला 'आ' आपल्या 'आ'सारखाच उच्चारायचा, पण लांबवायचा नाही. 'मास' या शेवटात खरं तर शेवटी एक 'उ' आहे, तो बोलताना जवळजवळ गिळतात. 'त्सु' म्हणजे 'चूल'मधला च, 'चि' म्हणजे 'चिमणी'मधला. हे दोन्ही च आपल्याला लहानपणापासून येतात, ही मराठी माणसाची मोठीच सोय. देवनागरी मात्र सुरुवातीच्या आधारापुरती वापरा. हिरागाना आलं की वही हिरागानातच लिहायची.

काय शिकावं लागत नाही

मराठीत 'जाणे'चा साधा भूतकाळ घ्या: गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलं, गेलात, गेल्या. जपानीत या सगळ्यांसाठी एकच शब्द: इकिमाशिता. मी असो, तू असो, त्या बायका असोत, रूप बदलत नाही. लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. वर्तमान आणि भविष्यही वेगळे नाहीत. 'इकिमास' म्हणजे 'जातो' आणि 'जाणार'. आपणही 'उद्या मी नाशिकला जातो' म्हणतोच.

क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, हेही आपल्यासारखंच. तेव्हा सगळं लक्ष क्रियापदाच्या शेपटीकडे देता येतं.

पहिली पायरी: पाच मात्रा

'नोमु' म्हणजे पिणे. शब्दकोशात हे क्रियापद याच रूपात सापडतं. यातला 'नो' हलत नाही. हलतो तो शेवटचा 'मु', आणि तो हलतो बाराखडीत:

मा – नोमानाइ – पीत नाही
मि – नोमिमास – पितो, पिते (सभ्य)
मु – नोमु – पिणे. घरगुती बोलण्यात 'पितो'
मे – नोमेबा – प्यायलं तर. नोमेरु – पिता येणे. नोमे – पी! (हुकूम)
मो – नोमोओ – पिऊया

मोठ्यानं म्हणा: नोमानाइ, नोमिमास, नोमु, नोमेबा, नोमोओ. मा मि मु मे मो. आता 'काकु' म्हणजे लिहिणे. तुम्हीच करा: काकानाइ, काकिमास, काकु, काकेबा, काकोओ. 'हानासु' म्हणजे बोलणे: हानासानाइ, हानाशिमास, हानासु, हानासेबा, हानासोओ. इथे 'सि'चा 'शि' झाला, कारण जपानीत 'सि' हा उच्चारच नाही. आपल्याला हे नवं वाटू नये. आपणही 'मासा'चं 'माशाला', घशात, बारशाला, म्हशी असं करतोच. 'मात्सु' म्हणजे वाट पाहणे: मातानाइ, माचिमास, मात्सु, मातेबा, मातोओ. त, चि, त्सु, ते, तो ही जपानीतली एकच ओळ आहे.

या गटाला जपानीत 'गोदान' म्हणतात. गो म्हणजे पाच, दान म्हणजे पायरी. ज्यूदो-कराटेमधली 'डॅन' ती हीच. रोमन लिपीत शिकणाऱ्याला 'नोम्' हा तुटका तुकडा धरून पुढे वेगवेगळी शेपटं जोडावी लागतात. आपण फक्त मात्रा बदलतो. जपानी लिपीतही तसंच घडतं. 'पिणे'चं चित्राक्षर तसंच राहतं, त्याला लागून असलेलं एक हिरागाना अक्षर त्याच ओळीत पुढेमागे सरकतं.

हा योगायोग नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. जपानी अक्षरांच्या मांडणीला 'गोजूओन' म्हणतात, म्हणजे पन्नास ध्वनी. स्वर: आ इ उ ए ओ. ओळी: क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो आपलाच आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् या भारतीय लिपीचा अभ्यास केला. कूकाई हा भिक्षू ८०६ मध्ये चीनहून परतला, तेव्हा सिद्धम्‌मधले ग्रंथ त्याच्या सामानात होते. त्या अभ्यासातून ही मांडणी जपानीत रुजली. आता तुमच्या मनात येईल की त-न नंतर प यायला हवा, मग 'ह' कसा? तर या ह-ओळीचा उच्चार जुन्या जपानीत 'प' होता. आजही ह-ओळीच्या अक्षरांना छोट्या खुणा लावून ब आणि प लिहितात. प जागच्या जागीच आहे, फक्त त्याचा आवाज बदलला.

याचा क्रियापदांना थेट उपयोग होतो. 'काउ' म्हणजे विकत घेणे. नियमानं नकार 'काआनाइ' व्हायला हवा, पण होतो 'कावानाइ'. पुस्तकं याला अपवाद म्हणून मोकळी होतात. खरं तर हे क्रियापद पूर्वी 'काफु' होतं: फा फि फु फे फो. दोन स्वरांमधला फ झिजून व झाला, मग इ, उ, ए, ओ यांच्या आधीचा 'व'ही गळला. फक्त 'वा' उरला. म्हणून 'उ'नं संपणाऱ्या प्रत्येक क्रियापदाचा नकार 'वानाइ': कावानाइ, आरावानाइ (धूत नाही), त्सुकावानाइ (वापरत नाही).

दुसरी पायरी: गट ओळखणे

दुसरा गट सोपा. ताबेरु (खाणे), मिरु (बघणे), नेरु (झोपणे), ओकिरु (उठणे). शेवटचा 'रु' काढा आणि हवं ते जोडा: ताबेनाइ, ताबेमास, ताबेरेबा, ताबेयोओ. मात्रा बदलत नाही. म्हणून हा 'इचिदान', एकाच पायरीचा.

तिसऱ्या गटात दोनच: सुरु (करणे) आणि कुरु (येणे). शिनाइ, शिमास, सुरु, सुरेबा, शियोओ. कोनाइ, किमास, कुरु, कुरेबा, कोयोओ. हे सरळ पाठ करा. 'सुरु' मात्र जिवापाड जपा, कारण नामाला तो जोडला की हजारो क्रियापदं तयार होतात. आपण 'अभ्यास करणे', 'फोन करणे' म्हणतो, तसंच ते 'बेन्क्योओ सुरु', 'देन्वा सुरु' म्हणतात.

खरी अडचण 'रु'नं संपणाऱ्या क्रियापदांची. 'रु'च्या आधी आ, उ किंवा ओ असेल तर डोळे मिटून पहिला गट: त्सुकुरु (बनवणे), नोरु (वाहनात बसणे). 'रु'च्या आधी इ किंवा ए असेल तर बहुतेक दुसरा गट, पण नेहमीच नाही. काएरु (परतणे), हाइरु (आत जाणे), हाशिरु (धावणे), किरु (कापणे), शिरु (कळणे), इरु (लागणे, हवं असणे), शाबेरु (गप्पा मारणे) ही दिसतात दुसऱ्या गटाची, आहेत पहिल्या गटाची. यातल्या काहींची जुळी भावंडं खरोखर दुसऱ्या गटात आहेत. 'किरु' म्हणजे अंगात घालणेही होतं. 'इरु' म्हणजे असणेही होतं. 'काएरु' म्हणजे बदलणेही होतं.

माझी एक विद्यार्थिनी जपानी सहकाऱ्यांबरोबर काम करते. एका संध्याकाळी तिनं वरिष्ठांना निरोप पाठवला: 'काएते मो ईइ देस का?' तिला विचारायचं होतं, 'घरी गेले तर चालेल का?' उत्तर आलं: 'नानि ओ?' म्हणजे 'काय?' कारण तिनं विचारलं होतं, 'बदललं तर चालेल का?' परतणे पहिल्या गटातलं, त्याचं रूप काएत्ते. बदलणे दुसऱ्या गटातलं, त्याचं काएते. फरक एका जोडाक्षराचा. आपल्याला तो ऐकू येतो, कारण 'सखा' आणि 'सख्खा' आपण कधी एक करत नाही. पण तोंडून तो यायला गट पक्का लागतो.

म्हणून वहीत नवं क्रियापद कधीही एकटं लिहू नका. तीन रूपं एकत्र लिहा:

काएरु – काएरिमास – काएत्ते – परतणे
काएरु – काएमास – काएते – बदलणे

'रु'च्या जागी 'रि' येऊन 'मास' लागला की पहिला गट, 'रु' नुसता गळला की दुसरा. गटाचा क्रमांक लिहायचीही गरज नाही.

तिसरी पायरी: ते-रूप, म्हणजे आपलं 'ऊन'

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. घाई इतर कुठेही केलीत तरी इथे नको.

दुसऱ्या गटात काहीच अवघड नाही: ताबेते, मिते, ओकिते. तिसऱ्यात शिते आणि किते. पहिल्या गटात पुस्तकं एक तक्ता देतात:

उ, त्सु, रु → त्ते: काउ–कात्ते, मात्सु–मात्ते, तोरु–तोत्ते (घेणे)
मु, बु, नु → न्दे: नोमु–नोन्दे, आसोबु–आसोन्दे (खेळणे)
कु → इते: काकु–काइते
गु → इदे: ओयोगु–ओयोइदे (पोहणे)
सु → शिते: हानासु–हानाशिते

आणि एक अपवाद: इकु–इत्ते (जाऊन).

हा तक्ता कुठून आला ते कळलं की तो लक्षात राहतो. 'मास'च्या आधीचं रूप घ्या आणि त्याला 'ते' जोडा: नोमिते, काकिते, तोरिते, हानाशिते. जुन्या जपानीत हीच रूपं होती. हेआन काळात (७९४–११८५) बोलता बोलता ती झिजली, आपल्याकडे 'बसला आहे'चं 'बसलाय' झालं तशी. काकिते म्हणताना मधला क गळला, काइते राहिलं. नोमिते म्हणताना इ गेला, म आणि त एकमेकांना भिडले आणि नोन्दे झालं. तोरिते आणि माचिते आखडून तोत्ते, मात्ते झाली. हानाशिते तेवढं शाबूत राहिलं. 'नु'ची काळजी सोडा. आजच्या प्रमाण जपानीत 'नु'नं संपणारं क्रियापद एकच आहे, शिनु, म्हणजे मरणे.

भूतकाळ यातच फुकट मिळतो. 'ते'चा 'ता' करा, 'दे'चा 'दा': काइता (लिहिलं), नोन्दा (प्यायलो), ताबेता (खाल्लं). त्याला 'रा' जोडा: नोन्दारा, म्हणजे 'प्यायलो तर', 'प्यायल्यावर'.

आता ते-रूपाचा अर्थ. इंग्रजीतून शिकवताना याला डझनभर उपयोग सांगतात आणि प्रत्येकाचा वेगळा नियम करतात. मराठीत एकच सांगावं लागतं: ते म्हणजे 'ऊन'. काइते म्हणजे लिहून, नोन्दे म्हणजे पिऊन. पुढचं क्रियापद जोडलं की बघा काय होतं:

ताबेते मिरु – खाऊन बघणे. मिरु म्हणजे बघणेच.
काइते ओकु – लिहून ठेवणे. ओकु म्हणजे ठेवणेच.
मोत्ते इकु, मोत्ते कुरु – घेऊन जाणे, घेऊन येणे.
ताबेते शिमाउ – खाऊन टाकणे. शिमाउ म्हणजे आवरणे, संपवणे.

शेवटच्यात आणखी एक छटा आहे. 'नाकुशिते शिमात्ता' म्हणजे 'हरवून बसलो'. काम संपलं आणि वाईटही वाटलं, हे दोन्ही त्या एका शब्दात आहे. इंग्रजीत हे समजावताना परिच्छेद लागतो. मराठीत 'बसलो' पुरतं.

'शिते मोराउ' म्हणजे 'करून घेणे', कुणाकडून तरी. तेही जसंच्या तसं. 'देणे'ला मात्र सावध राहा. आपण एकच 'देणे' वापरतो, त्यांच्याकडे दोन आहेत. मी दुसऱ्याला दिलं तर आगेरु, दुसऱ्यानं मला दिलं तर कुरेरु. 'योन्दे आगेरु' म्हणजे मी वाचून देतो, 'योन्दे कुरेरु' म्हणजे तो मला वाचून देतो. आणि मोठ्या माणसाला तोंडावर 'शिते आगेमास' म्हणू नये, त्यात उपकाराचा वास येतो. आपण मदतीच्या भावनेनं म्हणतो आणि समोरच्याला ते खटकतं.

'चालणे'चाही असाच सुखद प्रकार. 'ताबेते मो ईइ' म्हणजे खाल्लं तरी चालेल. 'ताबेते वा इकेनाइ' म्हणजे खाऊन चालणार नाही. 'इकेनाइ' हे 'इकु' म्हणजे जाणे यापासूनच निघालं, 'जाता येत नाही'. आपणही नियम सांगताना चालण्याचाच आधार घेतो. आणि 'नोमानाकेरेबा नारानाइ'? 'न प्यायलं तर होणार नाही', म्हणजे 'प्यायलंच पाहिजे'. हा लांबलचक शब्द विद्यार्थ्यांना घाबरवतो, पण 'प्यायल्याशिवाय चालणार नाही' असं म्हणणाऱ्या भाषेतल्या माणसाला त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

एका ठिकाणी 'ऊन' सोडावं लागतं: 'ते इरु'. 'ताबेते इरु' म्हणजे 'खात आहे'. पण 'सुवात्ते इरु' म्हणजे 'बसलाय', बसण्याची क्रिया चालू आहे असं नव्हे. 'तोओक्योओ नि इत्ते इरु' म्हणजे 'टोकियोला गेलाय'. 'केक्कोन शिते इरु' म्हणजे 'लग्न झालंय'. क्रिया एका क्षणात होऊन तिची अवस्था मागे राहत असेल तर मराठीतलं 'लाय', 'लंय' लावून बघा, अर्थ बसतो. म्हणून ओळख करून देताना 'केक्कोन शिमास' म्हणू नका. त्याचा अर्थ 'मी लग्न करणार आहे' असा होतो, आणि समोरचा अभिनंदन करायला लागतो. राहण्याचं ठिकाण सांगतानाही हेच रूप: 'पुने नि सुन्दे इमास', पुण्यात राहतो. 'माहीत आहे' म्हणजे 'शित्ते इमास', पण 'माहीत नाही' म्हणजे 'शिरिमासेन'. ही जोडी तशीच पाठ करा.

चौथी पायरी: नकार, आणि मास कुणासाठी

'नाइ' लागला की क्रियापद विशेषणासारखं वागतं. भूतकाळ 'नाकात्ता': नोमानाकात्ता, प्यायलो नाही. 'असणे'चं एक लक्षात ठेवा. वस्तू किंवा झाड असेल तर 'आरु', माणूस किंवा प्राणी असेल तर 'इरु'. आणि 'आरु'चा नकार 'आरानाइ' नव्हे, नुसता 'नाइ'.

मुख्य सभ्य रूपं चारच: नोमिमास, नोमिमासेन, नोमिमाशिता, नोमिमासेन देशिता. पितो, पीत नाही, प्यायलो, प्यायलो नाही. गट कोणताही असो, ही चार शेपटं बदलत नाहीत. म्हणून पुस्तकं यांनीच सुरुवात करतात. माझं मत वेगळं आहे. पहिल्या आठवड्यापासून शब्दकोशातलं रूपही सोबत शिका. नुसत्या 'मास'वर सहा महिने काढलेल्या माणसाला पुढे प्रत्येक क्रियापद उलटं सोडवावं लागतं.

'मास' म्हणजे आपलं आदरार्थी बहुवचन नव्हे. 'सर आले' मध्ये आपण सरांना मान देतो, ऐकणारा कुणी का असेना. 'मास' हा ऐकणाऱ्यासाठी असतो. शिक्षकांना सांगताना 'इनु गा नेमाशिता', कुत्रा झोपला, इथेही मास येतो. तो मान कुत्र्याला नाही, ऐकणाऱ्या शिक्षकांना आहे. हीच गोष्ट धाकट्या भावाला सांगितली की 'इनु गा नेता'. ज्याच्याविषयी बोलतोय त्याला मान द्यायचा तर त्यासाठी वेगळी क्रियापदं आहेत, ती नंतर.

पुढची रूपं

जपानीची क्षमता-परीक्षा १९८४ पासून होते, आता तिच्या एन५ ते एन१ अशा पाच पातळ्या आहेत, आणि पुण्या-मुंबईत ती देता येते. साधारणपणे इथवरची रूपं एन५ला पुरतात. एन४ला पुढची तीन-चार लागतात. त्यांच्यासाठी नवं काही शिकायचं नाही, बाराखडीच पुढे न्यायची.

'मे'ला रु जोडून 'नोमेरु', पिता येणे. मराठीत 'आजीला आता जिना चढवत नाही' हे शक्य क्रियापद आहे, त्याच घडणीचं. आपण 'मला मराठी वाचता येतं' म्हणतो, 'मराठीला' म्हणत नाही. जपानीतही इथे कर्माचा 'ओ' जाऊन 'गा' येतो: निहोन्गो गा हानासेरु. दुसऱ्या गटात ताबेरारेरु, आणि सुरुचं देकिरु.

'मा'ला सेरु जोडून 'नोमासेरु', प्यायला लावणे. 'मा'ला रेरु जोडून 'नोमारेरु', प्यायलं जाणे. या कर्मणीचा जपानीत एक खास वापर आहे: आमे नि फुरारेता. शब्दश: पाहिलं तर पाऊस माझ्यावर पडला गेला. आपण 'पावसानं गाठलं' म्हणतो, भावना तीच. 'मि'ला ताइ जोडून 'नोमिताइ', प्यावंसं वाटतं. हे फक्त स्वतःबद्दल बोलावं. दुसऱ्याच्या मनातलं जपानी माणूस थेट सांगत नाही.

रोजचा सराव

क्षमता-परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते. त्यामुळे तोंड न उघडताही माणूस पास होतो आणि मुका राहतो. तुम्ही सराव मोठ्यानं करा, पाढे म्हणतो तसा.

सुरुवातीला चौदा क्रियापदं पुरे: नोमु, योमु (वाचणे), काकु, ओयोगु, काउ, मात्सु, हानासु, आसोबु, काएरु (परतणे), इकु, ताबेरु, मिरु, सुरु, कुरु. यात ते-रूपाचे सगळे प्रकार आले. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. पहिल्या आठवड्यात एकेका क्रियापदाचा पाढा. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या कुणालाही वही द्या आणि मराठीतून विचारायला सांगा, क्रम मोडून. 'पिऊन?' नोन्दे. 'वाचत नाही?' योमानाइ. 'पोहूया?' ओयोगोओ. 'वाट बघून?' मात्ते. विचारणाऱ्याला जपानी यायची गरज नाही. उत्तर दोन सेकंदांत आलं नाही तर त्या क्रियापदापुढे टिंब मारा, उद्या तिथून सुरुवात.

तिसऱ्या आठवड्यापासून सकाळचं एक वाक्य. स्वतःच्या खऱ्या सकाळचं. ऑफिसला जाणाऱ्याचं असं होईल:

ओकिते, काओ ओ आरात्ते, चाइ ओ नोन्दे, काइशा नि इकिमास.
उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन, ऑफिसला जातो.

मधली सगळी क्रियापदं 'ऊन'मध्ये राहतात, काळ आणि सभ्यता फक्त शेवटच्या क्रियापदात, दोन्ही भाषांत. रात्री झोपताना तेच वाक्य पुन्हा म्हणा, शेवट बदलून: इकिमाशिता. रविवारी म्हणा: इकिमासेन. आणि चहा न घेता धावत निघालात, त्या दिवशी 'नोन्दे'च्या जागी 'नोमानाइदे' घाला: न पिता.